आधी तार, मग अणू

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळचे अकरा वाजून गेले होते. कोलंबोच्या दक्षिणेला पाणदुरा इथल्या उपकेंद्रात एक माकड घुसलं, ट्रान्सफॉर्मरला त्याचा स्पर्श झाला आणि बघता बघता सगळ्या श्रीलंकेची वीज गेली. दोन कोटींहून जास्त माणसांचा देश एका फटक्यात बंद पडला.

त्या दिवशी आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर माकडाचे विनोद फिरत राहिले. मला ते बघवेनात. मी तीस वर्षं विदर्भातल्या उपकेंद्रांमध्ये काढली आहेत. यार्डात माकड येतं, खार येते, वटवाघूळ लोंबकळतं, पावसाळ्यात केबलच्या नालीतून साप पॅनेलपर्यंत चढतो. फीडर (गावांकडे जाणारी वाहिनी) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, कधी ट्रान्सफॉर्मर जातो, आपण तपासणी करून तासा-दोन तासांनी पुन्हा चार्ज करतो. माकडामुळे फार तर एखादा तालुका बसतो. तिथे देश बसला, कारण मुळात ग्रिड (वीजकेंद्रं आणि गावं जोडणारं तारांचं जाळं) लहान होती आणि त्या सकाळी ती आणखी हलकी झाली होती. रविवार असल्यामुळे मागणी कमी होती, ऊन चांगलं होतं, त्यामुळे विजेचा मोठा हिस्सा सौर पॅनेलमधून येत होता. पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं. टर्बाइन आणि जनरेटरचं शेकडो टनांचं लोखंड फिरत असतं तेव्हा ग्रिडला धक्का बसला तरी ते लोखंड आपल्या वेगाच्या जोरावर काही सेकंद तोलून धरतं. त्या सकाळी हे लोखंड कमी पडलं. नोरोच्चोलाईच्या कोळसा केंद्राची तिन्ही युनिटं ट्रिप झाली, ती पुन्हा सुरळीत व्हायला काही दिवस गेले आणि तोवर लोकांना दीड-दीड तासाचं भारनियमन सोसावं लागलं.

पुढे दसऱ्याला दीक्षाभूमीवर एका श्रीलंकेच्या तरुण भिक्खूंची भेट झाली. मी वीज खात्यातला आहे हे कळल्यावर त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "आमच्याकडे अणुवीज आली तर हे सगळं थांबेल का?" त्या गर्दीत मला भन्तेजींना धड उत्तर देता आलं नाही. दोन वाक्यांत आटोपण्यासारखा तो प्रश्नच नव्हता.

श्रीलंका हा विचार गंभीरपणे करते आहे. भारताबरोबर तिचा नागरी अणुसहकार्याचा करार फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. देशाची तयारी कितपत आहे हे बघायला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक २०२२ मध्ये तिथे जाऊन आलं. आपल्याकडे या विषयावर बोलणारे लगेच दोन बाजूंना जाऊन बसतात. एकीकडे फुकुशिमा आणि किरणोत्सर्गाची भीती, दुसरीकडे स्वच्छ विजेचा जयघोष. माझ्या मते बेटाच्या बाबतीत या दोन्हींच्या आधी एक प्रश्न येतो: तुमच्या ग्रिडला शेजार आहे का, म्हणजे अडचणीत वीज देणारी दुसरी ग्रिड जोडलेली आहे का? शेजार नसेल तर अणुभट्टी बेटाला सोसणार नाही, आणि शेजार मिळाला तर अणुभट्टीचा विचार करायला बेटाकडे वेळही असेल आणि मोकळं मनही. भारत आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीतून आधी तार जावी, अणूचं मग बघावं, असं माझं ठाम मत आहे. ती तार टाकण्यात भारताने पुढाकार घ्यावा, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो.

मी अणुविजेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. उलट बेटांना तिची ओढ का वाटते, हे नागपूरच्या माणसाला लवकर कळायला हवं, कारण आपण कोळशाच्या राशीवर बसलेलो आहोत. कोराडीला ६६० मेगावॅटची तीन युनिटं, खापरखेड्याला १३४० मेगावॅट, मौद्याला २३२०. कोराडीचं जुनं युनिट सोडून दिलं तरी एकट्या नागपूर जिल्ह्याची क्षमता साडेपाच हजार मेगावॅटच्या वर जाते. श्रीलंकेची सर्वोच्च मागणी याच्या साधारण निम्मी आहे! आपल्याकडे उमरेड, सावनेर, वणीच्या खाणींतून कोळसा निघतो तो काही तासांत बंकरमध्ये पडतो. श्रीलंकेत कोळशाचा खडासुद्धा निघत नाही. नोरोच्चोलाईचा सगळा कोळसा जहाजातून येतो. जहाज दूर समुद्रात उभं राहतं, तिथून तो बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालबोटींत, उतरवून किनाऱ्यावर आणतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र असा खवळतो की हे काम बंदच पडतं. मग पावसाळ्याचे महिने निघतील एवढा ढीग आधीच रचून ठेवावा लागतो. २०२२ मध्ये देशाकडचे डॉलर संपले. तेल नाही, कोळसा नाही, धरणात पाणी नाही. मार्चच्या शेवटी दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. लोक रस्त्यावर आले आणि त्याच जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावं लागलं.

आता हिशोब बघा. १००० मेगावॅटचं केंद्र आपल्याकडचा कोळसा जाळून पूर्ण ताकदीने चालवलं तर दिवसाला पंधरा-सोळा हजार टन कोळसा लागतो. कोळशाची एक रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, जवळपास चार हजार टनांची, म्हणजे रोज चार रेक, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. अजनीच्या पुलावर उभं राहून ज्याने एक तरी रेक शेवटच्या वाघिणीपर्यंत जाताना पाहिली आहे, त्याला हे वजन सांगावं लागत नाही. तेवढ्याच क्षमतेच्या अणुभट्टीला वर्षाला २५ ते ३० टन इंधन पुरतं. वजनाने बघितलं तर त्या रेकच्या एका वाघिणीचा निम्मा भार! दोन वर्षांचा साठा एका इमारतीत मावतो. ना जहाजाची वाट बघायची, ना मोसमी वाऱ्यांची. ज्या देशाने तेरा तासांचा अंधार सोसला आहे, त्याला हा हिशोब भुरळ घालतो यात काही चूक नाही.

मग अडतं कुठे? आकारात.

ग्रिड म्हणजे काय, हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. एका ज्येष्ठ ऑपरेटरने शिकवलं. १९९० च्या दशकात आमच्या पश्चिम विभागाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सगळ्या जनरेटरांची एकत्र चाल, ठरलेल्या पन्नास हर्ट्झवर क्वचितच असायची (मागणी पुरवठ्याहून वाढली की ती घसरते), ४९ च्या खाली उतरणं नेहमीचं होतं. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, सगळ्या नागपुरात कूलर लागले की रात्री दहानंतर ती आणखी बसायची. हे ऑपरेटर मीटरकडे बघायचेही नाहीत. यार्डाच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा आवाज ऐकायचे. "साहेब, आवाज जाड होऊन राहिला," असं ते म्हणाले की मी आत जाऊन बघायचो, काटा खरंच खाली सरकलेला असायचा. मिनिटाभरात लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा, अमुक फीडर बंद करा. एकदा असंच एक २१० मेगावॅटचं युनिट गेलं. त्यांनी मान वर केली, थोडं ऐकलं आणि पुन्हा बिडी पेटवली. "काही नाही झालं. गुजरातनं उचललं." २१० मेगावॅट गेले होते आणि आमच्या काट्याला ते जेमतेम जाणवलं, कारण तो भार मुंबईपासून मध्य प्रदेशापर्यंतच्या शेकडो मशीन्सनी वाटून घेतला होता.

बेटावर तो उचलायला कोणी नसतं. ग्रिड सांभाळणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, की कुठलंही एक युनिट ग्रिडच्या दहा टक्क्यांहून मोठं असू नये. समजा एखाद्या रविवारी दुपारी श्रीलंकेची मागणी १५०० मेगावॅट आहे. नोरोच्चोलाईचं एक युनिट ३०० चं. ते गेलं की पाचवा हिस्सा गेला. तिथे १००० मेगावॅटची अणुभट्टी लावायची म्हणजे चार पायांच्या बाजेचे तीन पाय काढून एक जाडजूड खांब मधोमध ठोकण्यासारखं आहे. खांब भक्कम असेल, पण तो हलला की झोपलेला माणूस खाली. आणि अणुभट्टी ट्रिप होतेच. ती नीट चालवायची म्हणजे थोडीशी शंका आली तरी ती ट्रिप व्हायलाच हवी. ट्रिप झाल्यावर गाभ्यात झेनॉन नावाचा वायू साठतो, अणू फोडणारे न्यूट्रॉन तो खातो आणि भट्टी पुन्हा पेटायला कधी एक-दोन दिवसही लागतात. कोराडीच्या अभियंत्यालासुद्धा थंड झालेलं युनिट परत आणताना घाम फुटतो, इथे तर घाई करण्याची सोयच नाही.

याहून मोठी गोष्ट वीज क्षेत्राबाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. अणुभट्टी ग्रिडला वीज देते, तशीच ती ग्रिडकडून वीज मागतेही. भट्टी बंद केल्यावर उष्णता थांबत नाही. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उरते. १००० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता तीन हजार मेगावॅट असते, म्हणजे बंद केल्यावरही दोनशे मेगावॅट उष्णता कोंडलेली. दिवसभरानंतरही ती पंधरा मेगावॅटच्या आसपास राहते. ती बाहेर काढायला पंप हवेत आणि बहुतेक भट्ट्यांच्या पंपांना बाहेरून वीज हवी. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या बरोबर बंद झाल्या होत्या. भूकंपाने बाहेरच्या वीजवाहिन्या गेल्या, नंतर आलेल्या सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले, आणि पुढचं जगाने पाहिलं. त्याच किनाऱ्यावर ओनागावाचं अणुकेंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमाहून जवळ होतं. ते वाचलं. ते उंचावर बांधलं होतं हे पहिलं कारण. दुसरं कारण कमी सांगितलं जातं: त्याच्याकडे येणाऱ्या बाहेरच्या पाच वाहिन्यांपैकी एक शाबूत राहिली होती. उलट त्या सुनामीत घरदार गेलेल्या आसपासच्या लोकांनी त्या केंद्राच्या आवारात आसरा घेतला. एका शाबूत वाहिनीचं मोल काय असतं, हे मला ओनागावाइतकं स्पष्ट दुसरं कुठे दिसत नाही.

सुनामी हा श्रीलंकेसाठी लांबचा शब्द नाही. २६ डिसेंबर २००४ ला तिथे तीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्याच लाटेचं पाणी आपल्या तामिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपघरात शिरलं आणि चालू असलेली भट्टी सुरक्षित बंद केली गेली. कल्पाक्कमला तेव्हा मागे सबंध दक्षिणेची ग्रिड उभी होती. श्रीलंकेच्या भट्टीमागे कोण उभं असेल? ९ फेब्रुवारीला सबंध देशाची वीज गेली होती. त्या दिवशी तिथे अणुभट्टी असती तर ती संध्याकाळपर्यंत केवळ स्वतःच्या डिझेल जनरेटरवर श्वास घेत बसली असती. ते जनरेटर चाललेही असते, बहुतेक वेळा चालतात. पण एका माकडाने देशाला डिझेलवर आणून ठेवावं, अशी वेळ ज्या ग्रिडवर येते, ती ग्रिड अणुभट्टीला आधार देऊ शकत नाही.

बेटावर अणुभट्टी चालतच नाही, असं कोणी म्हणेल तर तेही खरं नाही. चीनचं हायनान बेट बघा. आकाराने श्रीलंकेच्या साधारण निम्मं. तिथे चांगजियांगला ६५० मेगावॅटच्या दोन भट्ट्या २०१५ आणि २०१६ मध्ये ग्रिडला जोडल्या गेल्या आणि त्या चालू आहेत. पण त्याआधी, २००९ मध्ये, समुद्राखालून ५०० किलोव्होल्टची केबल टाकून हायनानची ग्रिड मुख्य भूमीच्या ग्रिडला जोडली होती. पुढे २०१९ मध्ये दुसरी केबलही टाकली. क्रम लक्षात घ्या. ब्रिटनही बेटच आहे, पण त्याची ग्रिडच अवाढव्य आहे आणि तरीही १९८६ पासून फ्रान्सशी २००० मेगावॅटची केबल आहे. जपानने हा क्रम देशातच चुकवला. तिथे पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, एकाच देशात विजेची दोन बेटं! २०११ मध्ये टोकियो अंधारात बसलेलं असताना पश्चिमेकडून हजार-बाराशे मेगावॅटपलीकडे मदत येऊ शकली नाही, कारण मधली दारंच तेवढी होती.

दारं म्हणजे काय ते बघायला आपल्याला जपानला जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला जा. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस १००० मेगावॅटचं एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेचं) केंद्र उभं राहिलं, ५०० चे दोन भाग. तेव्हा दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशापासून वेगळ्या चालीने धावत होती, विजेच्या भाषेत ती एक बेटच होती. भद्रावतीत पश्चिमेची एसी वीज डीसी होते आणि लगेच पुन्हा दक्षिणेच्या चालीची एसी होऊन पलीकडे जाते. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा थायरिस्टरच्या, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या, व्हॉल्व्ह हॉलमध्ये काचेतून बघत किती तरी वेळ उभा होतो. छतापासून टांगलेले मनोरे, ना धूर ना धग, आणि त्यातून सरकत असलेला एका मोठ्या शहराचा भार. या दाराची खुबी अशी की ते पाहिजे तेवढंच उघडतं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली, साठ कोटी लोकांची वीज गेली, पण दक्षिण उभी राहिली. तिकडची पडझड अशा दारांतून आत जाऊ शकली नाही. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिण पूर्णपणे देशाच्या चालीत आली, पण आधीची पंधरा वर्षं या दारांनीच तिला आधार दिला.

मदुराई ते अनुराधापुर ही जी भारत-श्रीलंका वाहिनी गेली कित्येक वर्षं कागदावर आहे, ती याच जातीची आहे. धनुष्कोडी आणि तलाईमन्नार यांच्यामधलं पाणी जेमतेम तीस किलोमीटर. नागपूरहून कामठी ओलांडून थोडं पुढे जावं, एवढंच. २०१० मध्ये दोन्ही देशांनी अभ्यासाचा करार केला, एप्रिल २०२५ मध्ये कोलंबोत पुन्हा एकदा सह्या झाल्या. ही तार तेव्हा असती तर ९ फेब्रुवारीला फ्रिक्वेन्सी घसरायला लागताच ती अर्ध्या सेकंदात आपल्याकडून वीज ओढू शकली असती. एप्रिल २०२५ मध्ये सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत कारखाने बंद होते, मागणी खाली आली आणि सरकारला छतावर पॅनेल बसवलेल्या लोकांना दिवसा ती बंद ठेवायची विनंती करावी लागली. कर्ज काढून पॅनेल लावलेल्या माणसाला सांगायचं की ऊन आहे पण तू बंद ठेव! ती वीज तामिळनाडूला विकता आली असती. मन्नारच्या किनाऱ्यावर तर वाराही भरपूर आहे.

यावर श्रीलंकेतला कोणीही विचारेल, आणि त्याने विचारलंच पाहिजे: म्हणजे आमच्या घराचा स्विच दिल्लीच्या हातात? ही भीती खोटी नाही. २०२४ मध्ये थकबाकीवरून भारतातून बांगलादेशाला जाणारी एका केंद्राची वीज निम्म्यावर आणली गेली होती, हे सगळ्या शेजाऱ्यांनी पाहिलं आहे. १९८७ मध्ये आपली शांतिसेना तिथे गेली तेव्हापासून श्रीलंकेचा आपल्याबद्दलचा अनुभव गुंतागुंतीचा आहे. म्हणून तार टाकताना आपण मोठ्या मनाने वागलं पाहिजे. वीज दोन्ही दिशांनी जाईल, थकबाकीच्या कारणावरून आणीबाणीचा पुरवठा कधीही तोडला जाणार नाही, आणि वाद झाला तर तो तिसऱ्या, तटस्थ जागी सुटेल, या तीन गोष्टी करारात लिहून द्याव्यात. भेडामारा-बहरामपूरच्या दाराने आपण २०१३ पासून बांगलादेशाला वीज देतो आहोत, भूतानची वीज घेतो आहोत. अशी दारं चालवायचा आपल्याला अनुभव आहे. शिवाय अणुभट्टीने तरी परावलंबन कुठे संपतं? ती बांधणारा परका, इंधन देणारा परका, कर्ज देणारा बहुतेक वेळा तोच परका, आणि हे नातं साठ वर्षांचं.

कर्जाचं तर बोलायलाच हवं. बांगलादेशाच्या रूपपूरला १२०० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांचा खर्च साडेबारा अब्ज डॉलरच्या वर आहे आणि त्यातले सुमारे नव्वद टक्के रशियाचं कर्ज. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये हात वर केले, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरच्या आतबाहेरची मदत मंजूर झाली तेव्हा कुठे श्वास घेतला. अशा देशाने बाताआनकडे बघावं. फिलिपिन्स हाही बेटांचाच देश. मार्कोस यांच्या राजवटीत १९७६ मध्ये बाताआनला ६२१ मेगावॅटची भट्टी बांधायला घेतली. दोन अब्ज डॉलरच्या पुढे खर्च गेला. भट्टी तयार झाली, मार्कोस गेले, पाठोपाठ चेर्नोबिल झालं आणि नव्या सरकारने ती सुरूच केली नाही. आजवर तिथून विजेचं एक युनिटही बाहेर पडलेलं नाही. त्या भट्टीचं कर्ज फिलिपिन्सचे लोक २००७ पर्यंत फेडत होते. एक पिढी जन्मली, शिकली, नोकरीला लागली आणि तिने पगारातून न पेटलेल्या भट्टीचे हप्ते भरले.

छोट्या भट्ट्यांचं हल्ली फार नाव आहे. रशियाने ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या तराफ्यावर बसवून आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेकला २०२० पासून चालवल्या आहेत, चीनने हायनानवरच १२५ मेगावॅटची बांधायला घेतली. आकाराची अडचण त्या सोडवतील. स्वस्त किती पडतील, ते डझनभर बांधून झाल्यावर कळेल. पहिला डझन श्रीलंकेच्या पैशाने बांधायची गरज नाही. मला विचाराल तर श्रीलंकेच्या मापाची भट्टी आपल्याकडे कधीचीच आहे. कैगा, काक्रापार, नरोरा, रावतभाटा इथल्या आपल्या २२० मेगावॅटच्या जडपाण्याच्या भट्ट्या. कैगाचं पहिलं युनिट २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालून दाखवून थांबलं. ही भट्टी आपण आजवर कोणाला विकलेली नाही. तार जोडली गेली, दहा वर्षं दोन्हीकडचे लोड डिस्पॅचवाले एकमेकांच्या आवाजाला ओळखायला लागले, तर मग हा विषय काढावा.

आणि तेव्हाही एका गोष्टीवाचून काढू नये. भट्टी ज्यांच्या दारात येणार, त्यांना विचारल्यावाचून. तैवानने १९८२ पासून आपला कमी तीव्रतेचा किरणोत्सर्गी कचरा लान्यू नावाच्या लहानशा बेटावर नेऊन ठेवला. तिथे राहणाऱ्या ताओ आदिवासींना सांगितलं होतं की मासे डबाबंद करण्याचा कारखाना होतो आहे. जवळपास एक लाख पिंपं तिथे गेली. एका बेटाने आपला भार आणखी छोट्या बेटावर टाकला. आपण महाराष्ट्रात वेगळं काय केलं? जैतापूरला ९९०० मेगावॅटच्या नकाशापायी १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटेत गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. भट्टी अजून उभी नाही.

मला हे दुरून कळलेलं नाही. माझ्या मावशीचं गाव एका औष्णिक केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याखाली येतं, गावाचं नाव लिहीत नाही. पूर्वी चैत्र-वैशाखात तिच्या अंगणात बाजेवर धोतर अंथरून कुरड्या, पापड, सरगुंडे वाळायचे. आता ती खिडक्या लावून आतल्या खोलीत वाळवते. त्यांना दुप्पट दिवस लागतात आणि कुरडईला आंबूस वास राहतो. तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट करडं होतं. जेवायला बसायच्या आधी ताट पुसायचं, ही त्या घरातल्या लहान मुलांना न सांगता लागलेली सवय आहे. बंधारा व्हायच्या आधी जनसुनावणी झाली होती. मंडप होता, चहा होता. मराठीतला सारांश काही पानांचा होता आणि खरा अहवाल, परिशिष्टांसकट, इंग्रजीत.

म्हणून पाल्कपलीकडच्या मित्रांना माझं सांगणं आहे की अणुभट्टीची जागा ठरायच्या आधी तो जाड अहवाल, सगळ्या परिशिष्टांसह, सिंहली आणि तमिळ दोन्ही भाषांत त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात पोचला पाहिजे. तिथल्या मच्छीमारांनी तो वर्षभर वाचावा, त्यांच्या शाळामास्तरांनी त्यावर प्रश्न काढावेत, आणि त्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत एकाही कर्जाच्या कागदावर सही होऊ नये.

मावशीने तो इंग्रजी अहवाल जपून ठेवला होता, पाटावर, पोथ्यांच्या शेजारी. मी सुट्टीवर गेलो तेव्हा तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबू, तू तर याच लाइनमधला. यात राखेचं काय लिहिलंय ते वाचून दाखव ना." मी वाचून दाखवायला बसलो तेव्हा राख पडायला लागून चार वर्षं झाली होती.